अंतर आठ फूट

"फाड ते पान."

"नाही फाडत."

"आई, मी नीट सांगतोय."

"नीट सांगतोयस तर ओरडतोस कशाला? आणि वही खाली ठेव. हाताला पोह्यांचं तेल आहे तुझ्या."

"तेलाची पडलीय हिला! अकराला पोलिसांच्या थाण्यात जायचंय, माझी नोकरी चाललीय, आणि हिला तेल दिसतंय. हे काय लिहिलंयस? ‘ना.ने नी.चे केस उजव्या हातात धरले.’ ना. म्हणजे कोण? मी? तुझ्या सरड्यांच्या वहीत मी?"

"सरड्यांना मी नर एक, नर दोन लिहिते. तुझं नाव लिहिलंय. पहिलं अक्षर."

"वा! मेहेरबानी!"

नचिकेतने वही टेबलावर आपटली. कपातला चहा उडाला, थोडा टेबलावर सांडला आणि बाकी त्याच्याच शर्टावर पडला. शशिकलाबाई उठल्या नाहीत. एरवी उठल्या असत्या, फडकं घेऊन.

टेबलावर वहीच्या शेजारी एक टाइप केलेला कागद होता. नचिकेतचा वकील मित्र देवेंद्र काल संध्याकाळी देऊन गेला होता. ‘बहू नीरजा का पैर रसोई में गिरे पानी पर फिसल गया, जिससे उसका सिर प्लेटफॉर्म से टकराया और कलाई में चोट आई।’ खाली सहीची जागा, तिथे पेन्सिलीने फुली.

"फक्त सही करायची आणि थाण्यातल्या मॅडमनी विचारलं तर हेच सांगायचं. देवेंद्र भियाने सगळं सेट करून दिलंय. घरात तिघंच होतो. नीरजा काय म्हणते ते म्हणेल, मी काय म्हणतो ते मी म्हणेन. राहिली तू. तू म्हणशील ते खरं."

"पाणी नव्हतं," शशिकलाबाई म्हणाल्या. "फरशी कोरडी होती. मीच पुसली होती."

"अगं, पोलीस काय पाणी मोजायला येणारेत? आज नऊ दिवस झाले!"

नऊ दिवसांपासून नीरजा देवासला माहेरी होती. कपाळाला सात टाके, डावं मनगट प्लास्टरमध्ये. तुकोगंजमधल्या एका क्लिनिकमध्ये ती फिजिओथेरपिस्ट आहे. दुसऱ्यांची मनगटं हलती करणं हे तिचं काम. नचिकेत भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये बायोलॉजी शिकवतो. चौतिशीचा, गोरा, आवाज चांगला. त्याच्या लेक्चरचे व्हिडिओ निघतात आणि पोरं त्याला ‘टोकेकर सर’ म्हणून रस्त्यात थांबवतात. संस्थेने त्याला सांगून टाकलं होतं, केस उभी राहिली तर तुमचा फोटो होर्डिंगवरून उतरेल, आणि तुम्हीही.

आणि शशिकलाबाई? वय बासष्ट. आयुष्यभर सरडे धरले, एवढीच त्यांची ओळख वस्तीत होती. अजूनही कुणाच्या बाल्कनीत काही सरपटलं की हाक येते, "आंटीजी, जरा देखना!" त्या जातात, बघतात, म्हणतात, "यह तो छिपकली है, भिया. मेरा डिपार्टमेंट नहीं."

*

डिपार्टमेंट खरं तर नवऱ्याचं होतं.

बाळकृष्ण टोकेकर एका जुन्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात मानाच्या जागेवर. पगडीतला त्यांचा फोटो बैठकीत होता. त्या फोटोखाली बसून बाळकृष्ण दारू प्यायचे आणि प्यायले की म्हणायचे, "आजा दरबारात उभा राहायचा, नातू झाडाखाली उभा राहतो. सरडे धरायला. हस. हस ना!"

शशिकलाबाई हसल्या तरी मार, नाही हसल्या तरी मार.

त्या काळी बी.एस्सी.च्या मुलांना प्रॅक्टिकलला सरडा कापायला असायचा. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा पाडायचा, चारी पायांना टाचण्या, हनुवटीखालून कात्री घालून पोटापर्यंत उघडायचा. चोवीस मुलांची बॅच म्हणजे चोवीस सरडे, आणि ते सकाळी दहाच्या आत हवेत. त्यासाठी पाच हात लांबीचा बांबू होता, टोकाला नायलॉनच्या दोऱ्याचा फास. बाळकृष्ण शुद्धीवर नसले की ही काठी बायकोच्या हातात यायची. पहाटे ती कॉलेजच्या आवारात, पदर खोचून, मान वर करून. रखवालदार तोंड फिरवून बसायचा.

आणि तिला जमलं. नवऱ्यापेक्षा चांगलं जमलं. तिच्या लक्षात आलं की सरडा माणसाच्या हाताला भितो, दोऱ्याला भीत नाही. आपण खोडाच्या उजवीकडे गेलो की तो डावीकडे सरकतो, म्हणजे खोड कायम मध्ये. मग थांबायचं. अजिबात हलायचं नाही. तो कुतूहलाने डोकं काढतो, तेव्हा फास हळूच समोर न्यायचा. कधी कधी तो फासालाच कीडा समजून चावायला येतो, मान स्वतःहून आत. मग एक झटका. हवेत तो मुठीएवढा जीव तडफडतो, तोंड उघडून, आतला भाग दिसेपर्यंत. बोट सापडलं तर सोडत नाही. रक्त निघालं तरी सोडत नाही. ओढायचं नाही, जबडा बाजूने दाबायचा. मग क्लोरोफॉर्मची बरणी, झाकण, आणि शंभरपर्यंत आकडे.

पोट हाताला गाठीगाठीचं लागलं की मादी सोडून द्यायची. दयेने वगैरे नाही. अंड्यांच्या गर्दीत मुलांना आतडं सापडत नसे.

उन्हाळ्यात नर धरणं सोपं. ते स्वतःच उघड्यावर येतात, फांदीच्या टोकाला, मान खालीवर करत. आधी गळा लाल होतो, मग खांद्यापर्यंत तांबडं चढतं, गालफडांवर काळं उमटतं. त्या रंगात आलेला नर फास बघत नाही, माणूस बघत नाही, दुसरा नर तेवढा बघतो. शशिकलाबाईंनी हे बघितलं आणि त्यांना घरातलं काहीतरी ओळखीचं दिसलं. बाळकृष्णांचं कानामागून यायचं. आधी कानामागे लाल, मग गळ्याची शीर, मग हात. कानामागे लाल दिसलं की त्या टेबलावरचा काचेचा ग्लास उचलून आत ठेवायच्या. तेवढाच त्या माहितीचा उपयोग. काच फुटायची नाही. बाकी फुटायचं ते फुटायचंच.

एका मे महिन्यात त्यांच्या हासळीचं हाड मोडलं. लाथेने. नचिकेत तेव्हा पाच वर्षांचा. टेम्पोत बसून सरकारी दवाखान्यात जाताना, हात पदराने गळ्यात बांधलेला, त्यांनी पोराची उजळणी घेतली.

"डॉक्टर अंकलनी विचारलं तर काय सांगायचं?"

"आई पडली."

"कशावरून?"

"पाण्यावरून."

"परत सांग."

"आई पडली, पाण्यावरून."

"हिंदीत?"

"मम्मी गिर गई. पानी पे."

"शाब्बास."

डॉक्टरांनी खरंच पोरालाच विचारलं. पोराने न अडखळता सांगितलं. बाहेर आल्यावर शशिकलाबाईंनी त्याला खोपरापॅटिस घेऊन दिलं, डाव्या हाताने. गरम होतं. तो फुंकून फुंकून खात होता आणि मधूनच म्हणत होता, "आई, मी बराबर सांगितलं ना?"

पुढच्या वर्षी महूच्या रस्त्यावर बाळकृष्णांची स्कूटर ट्रकखाली गेली. तेराव्यानंतर अनुकंपा नियुक्तीचा कागद आला. मोठ्या बाबूंनी काठी टेबलावर आडवी ठेवून विचारलं, "बाईजी, यह तुमसे होगा?"

"कितने चाहिए?"

"सोमवार को चौबीस."

सोमवारी साडेनऊला बरण्यांत सत्तावीस होते. "तीन ज़्यादा," बाईंनी सांगितलं. "बच्चे एक-दो तो ख़राब करेंगे."

*

पंधरा वर्षं त्यांनी मारले. किती, ते त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, "बॅचमध्ये मोज." मग एके वर्षी वरून पत्रक आलं, प्राणी कापणं बंद. मुलांना कॉम्प्युटरवर सरडा मिळू लागला, क्लिक केलं की पोट उघडणारा. काठी कपाटामागे गेली.

त्याच वर्षी सुनंदा मॅडम पुण्याहून बदलून आल्या. बारीक, चष्मा दोरीला लटकवलेला, बोलणं तुटक.

"शशिकलाबाई, तुम्ही इतके धरलेत. ते राहतात कसे, ते सांगा."

"राहतात म्हणजे? झाडावर राहतात."

"दिवसभर काय करतात?"

पंधरा वर्षांत बाईंनी एकही सरडा दोन मिनिटांच्या वर बघितला नव्हता. मॅडमनी एक जाड वही दिली आणि मागच्या आवारातल्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. "वेळ लिहायची, अंतर लिहायचं, दिसलं ते लिहायचं. का केलं ते लिहायचं नाही. का ते आपल्याला माहीत नसतं."

पहिल्या आठवड्यात बाईंनी लिहिलं: ‘बिचारी मादी खड्डा खणत होती.’

मॅडमनी लाल पेनने ‘बिचारी’ला गोल केला. "ही दिसली?"

"कोण?"

"बिचारी. किती सेंटिमीटर होती?"

बाई खो खो हसल्या. मग परत बसल्या आणि नुसतं बघितलं. मादी खोडावरून उतरली. ओलसर मऊ माती निवडायला तिला पाऊण तास लागला, दोन खड्डे अर्धवट सोडले. तिसऱ्यात पुढच्या पायांनी माती उकरत गेली, अंग अर्धं आत. मग उलटी फिरून बसली. चौदा अंडी, पांढरी, मऊ, बोराच्या बीपेक्षा जरा मोठी. मग माती लोटली आणि नाकाने ठोकून ठोकून दाबली, इतकी की वरून काही कळू नये. आणि गेली. परत आली नाही. सातव्या आठवड्यात करंगळीएवढी पिल्लं वर आली, आणि पहिल्याच दिवशी त्यातली दोन त्याच झाडावरच्या नराने गिळली. बाईंनी लिहिलं: ‘८.४० — नराने पिल्लू खाल्लं. डोक्याकडून. ८.५२ — दुसरं.’ अक्षर वाकडं आलं, पण शब्द एवढेच.

"अस्सं," मॅडम म्हणाल्या.

मग ती सवयच झाली. बाईंना आता कळू लागलं की सरडा रंग बदलतो तो लपायला म्हणून नाही, म्हणजे फक्त तेवढ्यासाठी नाही. ऊन, भीती, राग, झोप, सगळं अंगावर येतं. रात्री बारीक फांदीच्या शेंड्याला चिकटून झोपतो तेव्हा फिका पडतो, वाळक्या पानासारखा. दोन नर भिडले की जबड्यात जबडा अडकतो, दोघे धाडकन खाली पडतात, खाली पडूनही सोडत नाहीत. शेवटी ज्याचा खांदा फाटतो तो सुटतो, आणि सुटताक्षणी त्याचा लाल रंग उतरतो. मिनिटभरात मातकट. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी वस्तीतल्या कुणालाच पटत नसे: पाल शेपटी टाकून पळते, सरडा टाकत नाही. कावळ्याने शेपटी धरली तर तो फिरून कावळ्याला चावतो. शेपटीवर लटकून मरतो, पण ती तुटून पडत नाही.

निवृत्त होताना कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी काठी मागून घेतली आणि एक कोरी वही. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर शेवगा आहे, इथे सगळे त्याला सुरजना म्हणतात. त्यावर एक मोठा नर होता. खुर्ची खिडकीशी गेली. लग्न होऊन आलेल्या नीरजाला आधी हे सगळं विचित्र वाटलं, मग ती स्वतःच चहाचे दोन कप घेऊन खिडकीत येऊन बसू लागली.

"आई, आज तुमच्या हिरोने किती पुशअप मारले?"

"अकरा. तुझ्या पेशंटांना दाखव."

शेपटीची गोष्टही तिने या खिडकीतच ऐकली.

*

तेवढीच गोष्ट पुरली.

बारा मेच्या दुपारी नचिकेत सहाशे मुलांना ऑनलाइन शिकवत होता. सरड्याचा फोटो दाखवून तो म्हणाला, "दुश्मन पकड़े तो यह पूँछ छोड़ के भाग जाता है." खाली एका पोराने लिहिलं, सर, वो छिपकली है, गिरगिट नहीं. दुसऱ्याने हसणारे चेहरे टाकले. मग शंभर जणांनी टाकले. चारला तो घरी आला, बूट न काढता.

पुढचं शशिकलाबाईंच्या वहीत आहे. तेच पान.

‘४.१० — नर १ मधल्या फांदीवर. गळा लाल. मान सात वेळा.

४.१३ — नर २ कुंपणावरून चढला. गळा लाल. अंतर दीड फूट.

४.१५ — भिडले. जबड्यात जबडा. खाली पडले.

४.१७ — घरात आवाज. ना. व नी. स्वयंपाकघरात आले. नी. म्हणाली, "आईंना विचारायचं होतं ना, घरातच तर एक्सपर्ट आहे." हसली.

४.१९ — ना.च्या कानामागे लाल.

४.२० — ना.ने नी.चे केस उजव्या हातात धरले. अंतर आठ फूट. डोकं ओट्याच्या कडेवर. एक. दोन. रक्त.

४.२१ — नी.चा डावा हात पाठीमागे पिरगळला. हाडाचा आवाज ऐकू आला. नी. ओरडली. ना. म्हणाला, "हस आता. हस ना."

४.२२ — मी काठी मारली. ना.च्या पाठीवर. तीन वेळा. मग मोजलं नाही.’

यापुढे ओळ नाही. काठी मधोमध मोडली होती आणि बाई नीरजाचं डोकं मांडीवर घेऊन, जखमेवर ओट्याचं फडकं दाबून शेजाऱ्यांना हाका मारत होत्या. बाहेर शेवग्याखाली कोण जिंकलं, ते त्यांनी बघितलं नाही.

*

"आणि हे," नचिकेत म्हणाला. आवाज आता त्याने खाली आणला होता, लेक्चरमधल्यासारखा, एकेक शब्द वेगळा. "हे शेवटचं. ‘मी काठी मारली.’ तू मला मारलंस, हे तूच लिहून ठेवलंस. हे पान पुढे गेलं तर तू पण आत, समजतंय का? माझ्या पाठीवर अजून वळ आहेत. देवेंद्र म्हणत होता तुझ्यावर क्रॉस केस होऊ शकते. मीच त्याला म्हटलं, जाऊ दे यार, आई आहे."

"कर."

"काय कर?"

"केस. मारली ना मी. मारली म्हणूनच लिहिलं."

"आई, तुला कळतंय का तू काय बोलतेस? बरं, ते सोड. एक सांग. चार विसाला मी तिचे केस धरले. चार बाविसाला तू उठलीस. मधली दोन मिनिटं?"

शशिकलाबाईंनी वर बघितलं.

"दोन मिनिटं तू काय करत होतीस? मी सांगतो. लिहीत होतीस! तिचं डोकं फुटत होतं आणि तू घड्याळात बघत होतीस! आठ फुटांवर. मधे कुणी नव्हतं. खिडकीतनं बघावं तसं बघत बसलीस. मी तरी रागात होतो. तू कशात होतीस? सांग ना थाण्यात. मॅडम विचारतील, माताजी, आप क्या कर रही थीं? सांग, नोट्स ले रही थी."

बाईंनी हातातला चमचा बशीत ठेवला. या नऊ दिवसांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. नीरजासुद्धा नाही. तिने फोनवर फक्त विचारलं होतं, "आई, तुम्ही येणार ना सोमवारी?" आणि त्यांनी "बघते" म्हटलं होतं.

"हात उठत नव्हता," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की नचिकेतला वाकावं लागलं. "पेन तेवढं चालत होतं. तुझ्या बापापुढेही माझा हात कधी उठला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा उठला, तो दोन मिनिटं उशिरा. ते पानावर आहे. मी पुसलं नाही."

"तेच तर म्हणतोय! पुस! फाड! तुझं पण जाईल, माझं पण जाईल."

"आणि नीरजाचं मनगट?"

"होईल बरं! मी तिला आणायला जातो ना. पाय धरतो तिचे. एकदा हे मिटू दे. माणसाकडून होऊन जातं, आई. तू तर बघितलंयस सगळं. एवढं काय आहे?"

"हस ना म्हणालास."

"काय?"

"तिला. हस आता, हस ना. कुठून आणलंस ते?"

नचिकेतला कळलं नाही. खरंच कळलं नाही. तो सहा वर्षांचा होता बाप मेला तेव्हा. पण आईच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, आणि ते त्याला सहन झालं नाही. शशिकलाबाईंनी बघितलं. कानामागे आधी. मग गळ्याची शीर. या वेळी त्यांनी काचेचा ग्लास उचलून आत ठेवला नाही. टेबलावरच राहू दिला. हात वहीवर ठेवला, पंजा पसरून.

त्याने तो हात धरला. मनगटाशी. एकेक बोट वर उचललं, करंगळीपासून, आणि शेवटचं उचलायला लागलं तेव्हा इतकं मागे वाकवलं की बाईंच्या तोंडून आवाज निघाला. वही त्याने ओढली. ग्लास खाली पडून फुटला. पान एका झटक्यात फाटलं, शिवणीपासून, शेजारचं पानही अर्धं घेऊन. मग ते उभं फाडलं, आडवं फाडलं, पुन्हा आडवं. गॅसपाशी गेला, बर्नर पेटवला आणि तुकडे मूठभर वर धरले. बोटांना चटका बसेपर्यंत धरले.

जळक्या कागदाचा वास स्वयंपाकघरभर झाला. खिडकीबाहेरच्या फांदीवर काहीतरी सळसळलं आणि खोडामागे गेलं.

"संपलं," नचिकेत धापा टाकत म्हणाला. नळाखाली बोटं धरली. "आता सही कर."

बाईंनी दुखरा अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. मग काचांना पाय लागू नये म्हणून चपला घातल्या, घरातच, आणि जमिनीवर पडलेली वही उचलली. फाटलेल्या शिवणीनंतरचं पहिलं कोरं पान उघडलं. पेन कानामागे खोचलेलं होतं, जुनी सवय. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

‘१०.२५ — ना.ने वही ओढली. माझा उजवा अंगठा मागे वाकवला. १२ मेचं पान फाडून गॅसवर जाळलं. अंतर दोन फूट.’

अक्षर अतिशय वाकडं आलं.

त्याच्याखाली त्यांनी एक रेघ ओढली आणि १२ मे अशी तारीख घातली. मग ४.१० पासून पुन्हा लिहायला लागल्या. नर १ मधल्या फांदीवर. गळा लाल. मान सात वेळा. एकेक ओळ तशीच येत होती, त्याच क्रमाने. नचिकेत ओल्या हातांनी उभा राहून बघत होता, जसं काही आई त्याच्यासमोर काहीतरी अंगावरचं उतरवतेय. ४.२० ला त्या थांबल्या. पुढे लिहिलं. एक. दोन. रक्त. ४.२१ लिहिलं. ४.२२ लिहिलं आणि त्याच्याआधी, दोन ओळींमध्ये मावेल तेवढ्या बारीक अक्षरात, जळलेल्या पानावर नसलेली एक ओळ घातली: ‘४.२० ते ४.२२ — मी खुर्चीत बसून होते.’

मग वही कापडी पिशवीत टाकली. देवेंद्रचा टाइप केलेला कागद टेबलावरच होता. तो त्यांनी उचलला, त्याच कागदाने टेबलावर सांडलेला चहा टिपला, आणि परत तिथेच ठेवला.

"आई."

त्यांनी पदर खांद्यावरून घेतला.

"आई, थांब. गाडी काढतो मी. आपण बोलत बोलत जाऊ. अगं, ऐक ना." तो काचांमधून अनवाणी पुढे आला, दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. कानामागचं लाल उतरलं होतं. चेहरा मातकट दिसत होता, आणि आवाज एकदम लहान. "तूच शिकवलंस ना मला? आई पडली, पाण्यावरून. टेम्पोत बसून पाठ करून घेतलंस. हिंदीत पण. मी तुझ्यासाठी सांगितलं, एकदा पण अडखळलो नाही. पाच वर्षांचा होतो मी, आई! तेव्हा चालत होतं. आता माझ्या वेळेला का नाही चालत?"

शशिकलाबाई त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडल्या. फाटकाची कडी डाव्या हाताने काढली. कोपऱ्यावर देवासकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजत होता, आणि त्याच्या पलीकडे रिक्षा उभी होती.

"आई! का नाही चालत, सांगून जा!"

त्या रिक्षात बसल्या.

"कहाँ, माताजी?"

"महिला थाना," त्या म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेतली.